शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा धडा

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी शिक्षणाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा मी संयोजकांना नम्रपणे विचारले की, समाजात प्राध्यापक आहेत, मुख्याध्यापक आहेत, मग कापडाच्या व्यापाऱ्यास या विषयावर का उभे करता? त्यांनी उत्तर दिले, शिकविणाऱ्यांचे आपण नेहमीच ऐकतो, एकदा गादीवर बसणाऱ्याचेही ऐकू. माझे शिक्षण बी. कॉम.पर्यंतचे. बालपण लातूरच्या गंजगोलाई परिसरात गेले आणि गेली चाळीस वर्षे नांदेडच्या वजिराबादेत दुकान आहे. तेव्हा मी जे मांडणार आहे ते या दोन जिल्ह्यांत वावरलेल्या एका पालकाचे निवेदन समजून स्वीकारावे, ही विनंती.

शिक्षण आणि लातूर हे दोन शब्द एकत्र आले की 'लातूर पॅटर्न' हा तिसरा शब्द आपोआप येतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय आदी संस्थांतील प्राध्यापकांनी अपार कष्ट घेतले. अभ्यासक्रम वेळेआधी पूर्ण करावयाचा, सराव परीक्षांवर परीक्षा घ्यावयाच्या, उत्तरपत्रिका तपासून प्रत्येक चूक विद्यार्थ्यासमोर ठेवावयाची, अशी ती शिस्त होती. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या, शाळा-महाविद्यालयांची वानवा असलेल्या आपल्या मराठवाड्यातील मुले बारावीच्या गुणवत्ता यादीत मुंबई-पुण्याच्या मुलांशेजारी झळकू लागली, हे त्या शिस्तीचे फळ होय. ती यादी पुढे मंडळाने बंद केली, पण आत्मविश्वास टिकला. नांदेडही त्याच वाटेने गेले. आपल्या समाजातील कितीतरी डॉक्टर, अभियंते आणि सनदी लेखापाल याच मातीत घडले. या कार्याविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे.

तथापि आमच्या व्यवसायात पॅटर्न या शब्दाचा एक साधा अर्थ आहे. शिंपी कागदावर ज्या मापाचा नमुना कापतो त्याच मापाच्या अंगाला तो कपडा बसतो. लातूर पॅटर्नचा नमुना कापला गेला तो दहावीला उत्तम गुण मिळवून आलेल्या, भराभर वाचणाऱ्या, भराभर लिहिणाऱ्या आणि तीन तास एका जागी बसू शकणाऱ्या विद्यार्थ्याच्या मापाने. प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी ते योग्यच होते. अडचण अशी झाली की, हा नमुना हळूहळू खाली उतरला. आज पाचवी-सहावीच्या वर्गांतही गुणांनुसार तुकड्या पाडल्या जातात, पहिल्या तुकडीला उत्तम शिक्षक मिळतो, आणि ज्याला तो कपडा बसत नाही त्याच्या अंगातच दोष आहे असे ठरविले जाते.

दुकानात असे चालत नाही. खेड्यातून आलेला शेतकरी धोतरजोडी डोळ्यांनी पाहत नाही, बोटांत चुरगाळून पाहतो. लग्नाचा बस्ता बांधण्यास आलेली वधूची आई शालू दाराशी उजेडात नेऊन काठ आणि पदर न्याहाळते. तिसरा गिऱ्हाईक किमतीची चिठ्ठी आधी वाचतो. चौथा तर नुसते विचारतो, धुतल्यावर कसे राहील ते सांगा. ताका एकच असतो, परंतु आम्ही तो उलगडतो, हाती देतो, उजेडात धरतो आणि तोंडाने गुणही सांगतो. ज्याला केवळ चिठ्ठी वाचून कापड समजले नाही त्याला मंदबुद्धी म्हणणारा दुकानदार अजून मी पाहिलेला नाही. असलाच तर त्याचे दुकान बंद झाले असेल.

भाषेचेही तसेच. आपला नांदेड जिल्हा म्हणजे भाषांचा बाजारच आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागांत घरोघरी तेलुगू बोलली जाते. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी आहे. मुखेड-कंधारच्या तांड्यांवर गोरमाटी आहे. शहरात उर्दू आणि दख्खनी, गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पंजाबी, आणि आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात मारवाडी. तिकडे लातूर जिल्ह्यात उदगीर, देवणी, निलंगा येथे कन्नड कानी पडते. सीमेवरचा कोणताही व्यापारी तीन-चार भाषांत भाव सांगतो. 'एंता' असा प्रश्न आला तर आधी मराठी शिकून या, असे आम्ही म्हणत नाही. फेटिया-कांचळीचे कापड मागणाऱ्या बंजारा भगिनीशी बोलता यावे म्हणून माझ्या वडिलांनी तिची बोली शिकून घेतली होती. याच घरांतील सहा वर्षांचे मूल शाळेत जाते तेव्हा मात्र पहिल्या दिवसापासून पुस्तकी मराठीत त्याला गणित सांगितले जाते, आणि ते गप्प बसले की गणितात कच्चे ठरते.

आमच्या नात्यातील एका मुलाचा अनुभव सांगतो. नाव सांगत नाही. ती शाळाही कोणती हे सांगण्याचे कारण नाही. दहा वर्षांचा असताना तो सुटीत दुकानात येऊन बसे. एकशे चाळीस रुपये मीटरचे कापड सव्वातीन मीटर दिले तर किती झाले, असे विचारताच मुनीमजींचे बोट गणकयंत्रावर पोहोचण्यापूर्वी तो चारशे पंचावन्न म्हणून मोकळा होई. तेच उदाहरण पुस्तकात छापलेले दिले की तो घामाघूम होई. अक्षरे त्याच्यासमोर स्थिर राहत नसत. शाळेने त्याला आळशी म्हटले, नंतर हट्टी म्हटले आणि शेवटी त्याच्या वडिलांना बोलावून, याला एखाद्या साध्या शाळेत घाला, आमच्या निकालावर परिणाम होतो, असे स्पष्ट सांगितले. घरातील वडीलधाऱ्यांनी आपल्या परंपरेतील शब्द वापरला : ज्ञानावरणीय कर्माचा उदय आहे, काय करणार!

या शब्दाविषयी थोडे बोलणे मला आवश्यक वाटते, कारण तो आपल्या घरांत फार सहज उच्चारला जातो. तत्त्वार्थसूत्र आपल्या सर्व आम्नायांना मान्य आहे. त्याच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाची कारणे दिली आहेत. ज्ञानाविषयी आणि ज्ञानवंतांविषयी आकस बाळगणे, ठाऊक असलेले लपविणे, देता येत असून न देणे, दुसऱ्याच्या ज्ञानप्राप्तीत विघ्न आणणे, अशी ती यादी आहे. ही यादी ज्ञानाच्या आड येणाऱ्याविषयी आहे, हे आपण विसरतो. मुलाचे पूर्वकर्म केवलीच जाणोत; परंतु त्याने विचारलेला प्रश्न वर्गात हसून उडवून लावणे, फळ्यावरचे त्याला दिसत नाही हे ठाऊक असूनही त्याला मागच्या बाकावर ठेवणे, हा आजचा अंतराय कोणाच्या खाती जमा होतो?

आणि शिवभूती मुनींची कथा तर पाठशाळेत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. गुरूंनी दिलेले एक छोटेसे वचनदेखील त्यांना पाठ होईना. एके दिवशी उडीद धुऊन त्याची टरफले निराळी करणारी एक स्त्री त्यांच्या दृष्टीस पडली. तुष वेगळे, माष वेगळा. देह आणि आत्मा यांचे जे भिन्नत्व शेकडो वेळा घोकूनही हाती लागत नव्हते ते त्या एका दृश्याने लागले. श्वेतांबर परंपरेत माषतुष मुनींची कथा तपशिलात थोडी निराळी आहे, पण पाठांतर न जमणाऱ्या साधूस केवलज्ञान झाले याविषयी दोन्हीकडे एकमत आहे. असे असताना आपल्याच पाठशाळेची परीक्षा आजही केवळ मुखपाठ किती आला यावर का असावी, हा प्रश्न मी विश्वस्त मंडळाकडे सोपवतो.

त्या मुलाकडे पुन्हा वळतो. मुंबईतील एका आप्ताच्या सांगण्यावरून त्यास शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात नेले. तपासण्यांअंती कळले की बुद्धी उत्तम आहे, परंतु वाचनाशी निगडित अध्ययन-अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया आहे. २००७ साली 'तारे जमीं पर' या चित्रपटामुळे हा शब्द घरोघरी पोहोचला, पण महाराष्ट्र शासनाने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेतील सवलती १९९६ पासूनच देऊ केल्या आहेत. वाढीव वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेतून सूट, अशा त्या सवलती आहेत. पुढे कायदाही व्यापक झाला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ झाले आणि त्यांत अध्ययन-अक्षमतेचा स्पष्ट समावेश झाला. तो मुलगा दहावी उत्तीर्ण झाला, आणि आज सुरत-इचलकरंजीची खरेदी एकटा सांभाळतो.

तरीही माझे समाधान झाले नाही. सवलत मिळाली ती परीक्षेच्या दिवशी. वर्षभराचे अध्यापन जसेच्या तसे राहिले. आणि ज्यांचे पालक मुंबईस जाऊ शकत नाहीत, ज्यांच्यापाशी प्रमाणपत्र नाही, ज्यांची अडचण कोणत्याही प्रमाणपत्रात बसत नाही, त्यांचे काय? तांड्यावरच्या मुलीला कोणता डॉक्टर गोरमाटीचे प्रमाणपत्र देणार?

येथे मला आपल्या भवनाच्या दाराशी असलेल्या उताराची आठवण द्यावीशी वाटते. काही वर्षांपूर्वी पायऱ्यांशेजारी तो बांधला तेव्हा दोन वयोवृद्ध सदस्यांच्या चाकाच्या खुर्चीसाठी एवढा खर्च कशाला, अशी कुरकुर झाली होती. आज पाहा, गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या माताजी तिथूनच येतात, बाळाची गाडी तिथूनच चढते, भोजनाच्या दिवशी तांदळाच्या गोण्यांची हातगाडीही तिथूनच आत जाते. अमेरिकेत रोनाल्ड मेस नावाचे वास्तुविशारद होऊन गेले. बालपणी पोलिओ झाल्यामुळे ते स्वतः चाकाची खुर्ची वापरीत. इमारत आधी बांधून नंतर अपंगांसाठी ठिगळ लावण्यापेक्षा ती मुळातच सर्वांना वापरता येईल अशी आखावी, हा त्यांचा आग्रह होता. त्यास त्यांनी 'युनिव्हर्सल डिझाइन' असे नाव दिले. त्याच देशात १९८४ साली स्थापन झालेल्या 'कास्ट' या संस्थेत अॅन मेयर, डेव्हिड रोझ आदी अभ्यासक अपंग मुलांना संगणकाच्या साहाय्याने शिकविण्याचे प्रयोग करीत होते. काम करता करता त्यांच्या ध्यानी आले की, आपण मुलाला पुस्तकाच्या मापाचे करू पाहत आहोत, वास्तविक पुस्तक आणि धडा यांचीच रचना बदलावयास हवी. आशय एकाहून अधिक प्रकारे समोर ठेवावा, समजले हे दाखविण्याचे मार्गही एकाहून अधिक असावेत, आणि मुलाचे मन त्यात गुंतावे याचाही विचार आधीच व्हावा, हे त्यांच्या मांडणीचे सार होय.

हे ऐकावयास अवघड वाटते, म्हणून एकच उदाहरण घेतो. पाचवीच्या वर्गात क्षेत्रफळ शिकवावयाचे आहे. रूढ पद्धत अशी की, व्याख्या लिहून द्यावयाची, लांबी गुणिले रुंदी हे सूत्र फळ्यावर मांडावयाचे, तीन उदाहरणे सोडवावयाची आणि बाकीची घरी. या पद्धतीत कोण कोण बाहेर राहिले ते मोजा. दृष्टी अधू असलेला राहिला. सावकाश वाचणारा राहिला. ज्या मुलीला 'क्षेत्रफळ' हा शब्दच परका आहे ती राहिली. दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जाऊन परतलेला राहिला. आणि हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही, पण ज्याला सूत्र आधीच पाठ आहे तो हुशार मुलगाही जांभया देत बाहेरच राहिला.

आता तोच तास असा योजा. गुरुजींनी एक चादर आणि एक टॉवेल आणला. कोणास जास्त कापड लागले, किती जास्त, हे कसे सांगाल? मुले वर्गातील फरश्या मोजतात, चादर अंथरून ती किती फरश्या झाकते ते पाहतात. आपसांत ती घरच्या बोलीत बोलली तरी चालेल. वस्तू हाताखाली असतानाच 'क्षेत्रफळ' हा शब्द येतो, म्हणून तो चिकटतो. गुरुजी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितात, लिहिलेले वर्गाकडे तोंड करून मोठ्याने वाचतात, आणि करावयाच्या कृती एका कागदावर लिहून प्रत्येक गटास देतात, म्हणजे ज्याचे लक्ष क्षणभर ढळले त्यास पुन्हा पाहता येते. सूत्र शेवटी येते, आणि ते मुलांनीच शोधलेले असते. समजले की नाही हे पाहताना कोणी उदाहरण लिहून सोडवील, कोणी फळा मोजून तोंडी सांगेल, कोणी चौकटींच्या कागदावर आकृती काढील. जांभया देणाऱ्यास विचारावे, बाजूंची बेरीज तेवढीच ठेवून क्षेत्रफळ वाढवून दाखव. तो पुढचा अर्धा तास हलणार नाही.

यात एक पथ्य आहे. उद्दिष्ट खाली आणावयाचे नाही. क्षेत्रफळ प्रत्येकास यावयासच हवे. मात्र उद्दिष्ट क्षेत्रफळाचे असेल तर वाचनातील अडचण त्याच्या आड येऊ देऊ नये, आणि उद्दिष्ट वाचनाचेच असेल तेव्हा केवळ ऐकवून वेळ मारून नेऊ नये. आज आपण काय शिकवीत आहोत हे शिक्षकाने स्वतःशी निश्चित केले की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

आणखी एक सावधगिरीची सूचना. अलीकडे काही शिबिरांतून, हा मुलगा डोळ्यांनी शिकणारा, ती मुलगी कानांनी शिकणारी, अशी लेबले चिकटवली जातात, आणि पालक त्यासाठी शुल्कही भरतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या २००८ मधील एका विस्तृत आढाव्यात, असे प्रकार पाडून त्यानुसार शिकविल्याने लाभ होतो याला पुरेसा पुरावा आढळला नाही. लेबल नको. सर्व वाटा सर्वांसाठी खुल्या हव्यात. आज ऐकून समजणारे मूल उद्या चित्र पाहील.

शिक्षक बंधू-भगिनींच्या मनातील शंका मला दिसते आहे. वर्गात साठ मुले, वर निवडणुकीची कामे, जनगणनेची कामे, अभ्यासक्रम संपवावयाचा. हे कधी करावयाचे? शंका रास्त आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर ३० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा असे म्हटले आहे. साठ मुले कोंबून शिक्षकाकडून चमत्काराची अपेक्षा करणे हा व्यवस्थापनाचा दोष आहे, शिक्षकाचा नव्हे, आणि व्यवस्थापन म्हणजे या शाळेत आपणच आहोत.

पण हे अशक्य नाही, याचे दाखले आपल्याच महाराष्ट्रात आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, गुरे चरत असताना तिथेच शिक्षण. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी वर्गाची जमीन आणि भिंती हेच शिकण्याचे साहित्य केले. राज्यभरातील शिक्षक ते पाहावयास जात. लातूरजवळ हरंगुळ येथे सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी 'संवेदना' हे केंद्र चालते. आमच्या शिक्षकांनी एक दिवस तिथे जाऊन केवळ पाहावे, असे मी सुचवीन. शारीरिक हालचालीवर ताबा नसलेल्या मुलाला काय समजले हे कसे ओळखावयाचे, ही विद्या तिथे प्रत्यक्ष पाहता येते.

आणि किल्लारी तर आपल्या सर्वांच्या काळजात आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजले होते. हजारो माणसे गेली. त्यानंतर शांतिलालजी मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे १,२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी स्वीकारली, त्यातूनच पुढे वाघोलीचे केंद्र उभे राहिले. आपण त्या कार्यासाठी देणग्या दिल्या, धान्य दिले, आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या मुलांचा विचार करा. कोणी आई गमावलेली, कोणी ढिगाऱ्याखालून काढलेली, कोणी खेड्यातून थेट शहरात आलेली. रात्री दचकून उठणाऱ्या मुलासमोर सकाळी नेहमीचाच धडा नेहमीच्याच गतीने कसा ठेवता येईल? त्यावेळी हे आपल्याला सहज उमगले, कारण दुःख डोळ्यांना दिसत होते. आपल्या रोजच्या वर्गात ज्याची अडचण दिसत नाही, त्याच्यासाठी तीच समज दाखविण्याचा हा प्रश्न आहे.

सुवर्णमहोत्सवी निधीतून सभागृहाला नवे छत आणि गुणवंतांना सुवर्णपदके, असे दोन प्रस्ताव विश्वस्त मंडळासमोर आहेत असे समजते. पदकांना माझा विरोध नाही. मात्र त्यांच्याआधी तीन गोष्टी विचारात घ्याव्यात. आपल्या प्राथमिक शाळेत विशेष शिक्षणाची पदविका घेतलेला एक शिक्षक पूर्ण वेळ नेमावा, आणि त्याने मुलांना वेगळ्या खोलीत नेऊ नये, वर्गशिक्षकासोबत वर्गातच काम करावे. दर शनिवारी शेवटचा एक तास सर्व शिक्षकांना पुढील आठवड्याचे धडे एकत्र बसून आखण्यासाठी मोकळा द्यावा. त्या तासाला कोणतेही कारकुनी काम देऊ नये. आणि पाठशाळेच्या परीक्षेत मुखपाठाबरोबर तोंडी उत्तर, चित्र अथवा कथाकथन यांपैकी एक मार्ग निवडण्याची मुभा असावी.

नव्या शिक्षकाचे पहिल्या दोन वर्षांचे वेतन आमच्या पेढीकडून देण्याचे मी आमच्या मुलांशी विचारविनिमय करून ठरविले आहे. त्यासाठी नावाची पाटी नको. विश्वस्त मंडळाने येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी नेमणूक व्हावी, एवढीच विनंती. सुरुवात पाचवीच्या गणितापासून करावी असे मुख्याध्यापिका बाईंचे म्हणणे आहे. तसे ठरल्यास चादर आणि टॉवेल दुकानातून पाठवून देईन.